कानातली घंटा

टेलिफोन कंपनीत तिला सगळे स्विचबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग नसे. शहरभरचे फोन एकमेकांना जोडून देणारा स्विच तिच्याच ताब्यात होता. आता तो म्हातारा झाला होता, त्याचे सुटे भागही मिळेनासे झाले होते. फोन इंटरनेटवर न्यायचे हे ठरलेलंच होतं. वाद एवढाच, की जुना स्विच एकदम मोडीत काढायचा, की नव्याच्या जोडीला काही वर्षं चालू ठेवायचा. शिफारस तिची होती आणि मत पक्कं होतं: काढायचा तर एकदम. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यांचा तिला पहिल्यापासून कंटाळा.

बोलायचं तसं करावंही, म्हणून चाचणीसाठी तिने पहिली लाइन दिली ती स्वतःच्या आईची. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. मायलेकींचं जुनं ठरलेलं होतं: दिवेलागणीला आईने फोन लावायचा, लेकीकडे दोनदा वाजला की ठेवून द्यायचा. लेकीने उचलायचा नाही. वाजला म्हणजे आई खुशाल.

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही.

तिने थोडी कळ काढली, मग आपणच लावला. पलीकडे घंटा छान वाजत होती. वाजतच राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन वाजतोय आणि आई उचलत नाही! मन चिंती ते वैरी न चिंती. तिला न्हाणीघरातली ओली फरशी दिसायला लागली. तिने गाडी काढली आणि वाटभर फोन लावत राहिली. देवाधर्माचं तिला वावडं होतं, तरी नवस बोलून झाला.

आईच्या गल्लीत वीज गेली होती. आई पायरीवर बसली होती, मांडीवर टेलिफोन घेऊन, चांगली धडधाकट.

"आलीस?" आई म्हणाली. "वाटलंच मला. म्हणून बाहेर बसले, म्हणजे लांबूनच दिसेन."

"आई, किती फोन केले मी. उचलला का नाहीस?"

"वाजला तर उचलेन ना. वीज गेली आणि हा मेला गप्पच झाला. जुना नव्हता असा."

स्विचबाईच्या हातातल्या मोबाइलवर घंटा अजून वाजत होती. आईच्या मांडीवर सगळं सामसूम होतं. तिने मोबाइल बंद केला आणि पायरीवरच बसली.

जुन्या फोनला वीज तारेतूनच मिळते, एक्स्चेंजमधून; नव्याला घरची लागते, नाहीतर बॅटरी. हे तिला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? घरोघरी बॅटरी देण्याचं काम तिनेच 'नंतर बघू' म्हणून मागे टाकलं होतं. आणि ती घंटा? पलीकडचा फोन सापडला नाही की कानात नुसती शांतता येते, लोक घाबरून तक्रार करतात. म्हणून फोन सापडो न सापडो, घंटा ऐकव, असं तिनेच नव्या यंत्रणेला सांगून ठेवलं होतं.

"म्हणजे यंत्र खोटं बोललं?" आईने विचारलं.

"यंत्र नाही गं. मी शिकवलं त्याला."

आई रागावली नाही. तिने लेकीचा हात हातात घेतला. "माझ्यासारख्या एकट्या किती असतील तुझ्या त्या स्विचवर?"

हे स्विचबाईने कधी विचारलंच नव्हतं, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली.

सकाळी जाताच तिने ती खोटी घंटा काढून टाकली आणि आईची लाइन जुन्या स्विचवर परत नेली. बैठकीत सांगितलं, घरोघरी बॅटरी पोचेपर्यंत जुना स्विच हलणार नाही.

"कालपर्यंत तर एकदम काढा म्हणत होता," साहेब हसत म्हणाले.

"काल संध्याकाळी मी अर्धा तास बिनआईची होते, साहेब."



दिवेलागणीला तिचा फोन वाजला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"अगं, उचललास कशाला?" आई दचकली. "आपलं ठरलंय ना?"

"ठरलं होतं," ती म्हणाली. "आता बोल."