चौदा नंबरचा श्वास

दुपारी दोनला पाळी बदलते. आगाराच्या मागच्या अंगणात फक्त गाड्या धुतात, त्यामुळे एरवी तिकडे कुत्रंही फिरकत नाही. पण त्या महिन्यात दोन वाजायच्या आधीच तिथे शंभरेक माणसं जमू लागली. ड्रायव्हर, कंडक्टर, त्यांच्या घरच्या बायका, शेजारच्या इस्पितळातल्या दोन नर्ससुद्धा. सगळे चौदा नंबरच्या बसची वाट बघत.

बस फेरी संपवून आली की फुंकरमहाराज नावाचे, आगारात नुकतेच आलेले बुवा तिच्या मागच्या जाळीपुढे उभे राहत. जाळीच्या आत इंजिन थंड ठेवणारा पंखा. महाराजांनी हात वर केला की ड्रायव्हर इंजिन बंद करी आणि किल्ली त्यांच्या हातात देई. ती ते चारी बाजूंना दाखवत.

"बघून घ्या. किल्ली इथे. इंजिन मेलं. मेलं की नाही?"

"मेलं!" गर्दी ओरडे.

"मग आता मेलेल्याला श्वास कोण देणार?"

पांढरा रुमाल जाळीपुढे धरून ते हलकेच फुंकर घालत. मिनिट जाई, दोन मिनिटं जात. काहीच होत नसे. महाराजांचं तोंड मात्र चालूच.

"कुणाच्या तरी पोटात संशय आहे. संशयानं श्वास कोंडतो. सकाळी बायकोशी भांडून आलेल्यांनी मागे सरका."

निम्मे पुरुष मागे सरकत. आणि तीन-चार मिनिटांनी, किल्ली महाराजांच्या मुठीत असताना, आत घूं असा आवाज सुरू होई आणि रुमाल जाळीला जाऊन चिकटे. बस श्वास आत घेई. बायका डोळ्यांना पदर लावत. माझा दादा हात जोडून उभा राही. आणि आमची आई पुढे होऊन जाळीवर तळहात टेकवी आणि विचारी, "आलात?"

मी हे वरून, वर्कशॉपच्या ऑफिसच्या खिडकीतून बघत असे. राग येत नसे, रडूही येत नसे. दोन वाजले, गर्दी जमली, आईनं हात टेकवला. कागदाला कागद लावावा तसं मी ते मनात लावून ठेवी.

अप्पा, आमचे वडील, नऊ नंबर चालवायचे. सात महिन्यांपूर्वी भर रस्त्यात तिच्या इंजिनाला आग लागली. अप्पांनी एकेचाळीस प्रवासी उतरवले. मग मागच्या सीटवर कुणी राहिलं तर नाही ना, हे बघायला ते पुन्हा चढले. कुणी राहिलं नव्हतं. तेच राहिले. त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली. पदवी भौतिकशास्त्राची, काम तक्रारींचे कागद फायलीत लावण्याचं.

"तुझा धनी गेला नाही, माउली," महाराजांनी आईला सांगितलं होतं. "त्याचा श्वास या गाडीत उतरलाय."

चौदा नंबरच का, असं कुणी विचारलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गाड्यांचा पंखा तेलावर फिरतो. इंजिन पंप फिरवतं, पंप नळीतून तेल दाबानं ढकलतो, ते तेल पंखा फिरवतं. इंजिन थांबलं की पंखा थांबलाच. वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसांना हे इतकं पाठ होतं, की बंद इंजिनाचा पंखा फिरणं म्हणजे त्यांना नदी उलटी वाहण्यासारखं होतं. एखादा नवखा माणूस फसला नसता, कारण पंखा कधी फिरायला हवा हेच त्याला ठाऊक नसतं. फसले ते जाणकार.

तेवढंच असतं तर मी खिडकीतच बसून राहिले असते. पण महाराजांनी सगळ्याच गाड्यांना कागदाचा पांढरा शिक्का चिकटवायला सुरुवात केली. शिक्कामोर्तब झालं की गाडीला आगीचं भय नाही. त्या आठवड्यापासून माझ्या टेबलावर तेलगळतीची एकही तक्रार आली नाही.

दादा अकरा नंबर चालवायचा. मी एका संध्याकाळी तिच्याखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर जेवणाच्या ताटाएवढा तेलाचा डाग होता. दुसऱ्या दिवशी नवा पुठ्ठा. डाग बोटभर मोठा.

"दादा, अकराखाली तेल पडतंय."

"तिला शिक्का लागलाय."

"शिक्क्यानं तेल थांबलं का?"

"हे बघ तायडे, तू शिकलीस, चांगलं झालं. पण चौदा नंबर आधी केवढी गरजायची! पंख्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता मांजरासारखी येते. हे काय तुझ्या पुस्तकानं केलं?"

बऱ्याच महिन्यांनी मला काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं. आवाज का कमी झाला?

मी चौदाची फाईल काढली. सगळ्यात वर मुख्य वर्कशॉपचा कागद होता. नऊ नंबरच्या आगीनंतर चाचणी म्हणून या एकाच गाडीचा तेलाचा पंप, नळ्या आणि टाकी काढून टाकली होती. त्या जागी विजेचे सहा लहान पंखे बसवले होते, थेट बॅटरीला जोडलेले. इंजिनाचं पाणी नव्वद अंशांवर गेलं की पंखे आपोआप चालू, खाली आलं की बंद. किल्लीचा संबंध नाही.

कागदाच्या कोपऱ्यात माझी सही होती. तो मीच माझ्या हातानं, न वाचता, फायलीत लावला होता.

मी फोरमनकाकांकडे गेले. "काका, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"जाळीला कुलूप घालून पाठवली त्यांनी. 'चाचणी चालू, हात लावू नये.' नाही लावला हात." त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "हा महाराज त्याच गाडीत बसून आला होता गं. मुख्य वर्कशॉपात पूर्वी वायरमन होता म्हणे. मी म्हटलं, असेल बापडा, माणूस बदलतो."

दुसऱ्या दिवशी फोरमनकाकांनी चौदा नंबर फेरीवर पाठवलीच नाही. दोन वाजता गर्दी जमली. महाराज आले, त्यांनी जाळीवर हात ठेवला आणि तो पटकन काढून घेतला. लोखंड गार होतं.

"आज हिला विश्रांती," ते म्हणाले. "न धावलेल्या गाडीत श्वास उतरत नाही."

"का उतरत नाही?" मी विचारलं.

"पोरी, श्वास घाम मागतो."

"घाम नाही, नव्वद अंश मागतो."

फोरमनकाकांनी कुलूप काढलं. पाण्याची उष्णता मोजणारी बोटाएवढी कांडी असते, तिची वायर सोडवून त्यांनी दुसऱ्या, सुट्या कांडीला जोडली आणि ती माझ्या हातात दिली. कॅन्टीनवाला शेजारी स्टोव्हवर चहाची किटली ठेवून उभा होता. चहा उकळत होता. मी कांडी किटलीत बुडवली.

घूं. रुमाल महाराजांच्या हातातून सुटला आणि जाळीला चिकटला.

मी कांडी गार पाण्याच्या बादलीत टाकली. पंखे थांबले, रुमाल खाली पडला. पुन्हा चहा, पुन्हा बादली. असं तीनदा केलं, कारण एकदा झालेली गोष्ट योगायोगही असू शकते.

"साखर कमी होती, तरी आला हो श्वास!" कॅन्टीनवाला म्हणाला. दोघं-चौघं हसले. बाकीचे हसले नाहीत.

मी सांगितलं, "धावून आलेली गाडी थांबली की पाणी फिरायचं थांबतं. पण लोखंड तापलेलंच असतं. त्यामुळे उभं पाणी तीन-चार मिनिटं आणखी तापतं आणि नव्वदच्या वर जातं. तेवढा वेळ यांना बोलत राहायचं असतं. तुमचा संशय, तुमची भांडणं, सगळं ती तीन मिनिटं भरून काढायला होतं."

"यंत्रात बसून देवच काम करतो," महाराज म्हणाले, पण पाय मागे सरकत होते.

"मग शिक्क्याखाली काय आहे ते बघू," फोरमनकाका म्हणाले.

चौदाच्या जाळीच्या चौकटीवर, गाडी आली त्या दिवसापासून असलेला शिक्का दादानं नखानं सोलला. खाली पिवळी पट्टी होती. दादानं ती मोठ्यानं वाचली, शाळेतल्या मुलासारखी, एकेक शब्द: "सावधान. इंजिन बंद असतानाही पंखे आपोआप सुरू होतात."

महाराज फाटकाकडे निघाले होते. "चालत कशाला, महाराज? तिकीट काढून जा की!" एक कंडक्टर ओरडला.

आई जाळीपाशी तशीच उभी होती. तिनं मला विचारलं, "म्हणजे ते यात नाहीत?"

"नाहीत, आई."

"मग कसे गेले ते?"

हे मला नोकरी लागल्यापासून ठाऊक होतं. नऊ नंबरची फाईल मीच लावली होती, आणि ती मात्र मी वाचली होती. "पंख्याची नळी फुटली. तेल तापलेल्या इंजिनावर उडालं. अप्पांनी त्या नळीची तक्रार तीनदा लिहिली होती. तिन्ही कागद आहेत. नवी नळी शिल्लक नव्हती, म्हणून गाडी तशीच पाठवत राहिले."

फोरमनकाकांनी मान खाली घातली. आईनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. महिनाभर रोज जाळीवर टेकून त्यावर बारीक काळे चौकोन उमटले होते. मग तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं आणि दादापुढे धरलं.

"तुझ्या गाडीचं तेल गळतंय म्हणे. लिही."

दादानं लिहिलं. फोरमनकाकांनी तिथल्या तिथे अकरा नंबर उभी करायला लावली. तिची नळी वाकवल्यावर चिरेतून अंगठ्याचं नख आत गेलं. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर तक्रारींचे सव्वीस कागद आले. ते मी सगळे वाचले.

चमत्कार दिसला तर पाया पडण्याआधी एवढंच करा. गार गाडीवर तो होतो का, ते विचारा. तीन मिनिटं कशासाठी लागतात, ते विचारा. शिक्का चिकटवला असेल तर तो सोला आणि खाली काय लिहिलंय ते वाचा. न विचारणाऱ्यांत मी होते, म्हणून सांगते आहे.

आई आता आगारात येत नाही. घरी टेबलफॅन लावला की त्याच्यासमोर थोडा वेळ बसते, आणि मग उठून स्वतःच्या हातानं बंद करते.