इस्तू उचलणारा हात

आमच्या किल्लारीत कुठला महिना चाललाय ते बघायला पंचांग लागत न्हाई, शाळेच्या भिताडाकडं बघितलं की झालं. मार्चात तिथं क्षयरोगाचं फ्लेक्स लटकतं, एप्रिलात मलेरियाचं, ऑगस्टात लेकराला अंगावर पाजायचं, डिसेंबरात एड्सचं. दिवस साजरा झाला की फ्लेक्स खाली उतरतं आन् ज्याच्या हाताला लागल त्याच्या घरी जातं. आमच्या कडब्याच्या गंजीवर क्षयरोग हाय. शेजारच्या पंचफुलाच्या कुरडया मलेरियावर वाळतेत. त्यावरचा डास इतका मोठा काढलाय, की एकदा एक कावळा कुरडई उचलायला आला आन् डासाला बघून पार निलंग्यापातूर पळाला. खोटं वाटत असल तर निलंग्याला जाऊन त्या कावळ्याला इचारा.

हे फ्लेक्स लावायचं, बाया गोळा करायचं काम सरकारी दवाखान्याची आशाताई करती, उमादेवी तिचं नाव. ऑक्टोबरात तिचा हात धुवायचा दिवस असतो. हात धुवायला दिवस कशाला लागतो, आमच्यात तर हात धुतल्याबिगर चहा बी मिळत न्हाई, असं मी तिला दरसाली चिडवायची. ती हसून सोडून द्यायची.

औंदा तिनं बाया आमच्याच अंगणात बोलावल्या. बोटाच्या बेचक्यात साबण कसा चोळायचा ते दावायला तिनं माझ्या नातसुनेचा हात धरला. नातसून म्हणजे रेणुका, माझ्या हरिओमची बायको. तिच्या हाताचं गावभर नाव होतं. तव्यावरची भाकर नुसत्या बोटानं उलथायची, आरावर फुगलेली तशीच उचलायची, फडकं न्हाई का उलथनं न्हाई. अलीकडं तर देवापुढं ऊद घालायचा म्हणलं की चुलीतला इस्तू चिमटीत धरून आणायची आन् धुपाटण्यात ठेवायची. बाया बघायला यायच्या. हिचा हात सिद्ध हाय म्हणायच्या.

त्याला वरून फोडणी माझी. रेणुका पोटात असताना तिच्या मायला निखाऱ्याचे डोहाळे लागले आन् तिनं टोपलंभर निखारे चावून खाल्ले, हे मीच पसरवलेलं. इस्लापूरच्या गंगम्माला एका लग्नात मी सांगितलं, की हिनं तुमच्या सहस्रकुंडाच्या धबधब्यात हात बुडवला तर खाली पार आदिलाबादपातूर बायांनी नदीत भात शिजवावा. गंगम्मा पोट धरून हसली. पर तिनं रेणुकाला चुलीपुढं बघितलंतं. अशा हाताची धाकटी बहीण असल तर माझ्या लेकाला द्या, असं तिनं तिथंच म्हणून टाकलं. धाकटी बहीण होती, सृष्टी. माय-बाप गेल्यापासून रेणुकानंच तिला वाढवली, आमच्याच घरात. दिवाळी झाल्यावर सुपारी फोडायचं ठरलं, लगीन वैशाखात.

तर अंगणात उमाताई साबण चोळून राहिली आन् रेणुका मान वळवून पंचफुलाशी बोलून राहिली. करंगळीच्या बुडाला फोड होता, चोळता चोळता तो फुटला. पाण्यात लाल उतरलं. रेणुकाचं बोलणं थांबलं न्हाई, हसणं बी थांबलं न्हाई. थांबले ते उमाताईचे हात. मी म्हणलं, अगं, त्या हाताला इस्तू भितो, तुझा साबण काय करतो. सगळ्या बाया हसल्या. उमाताई न्हाई हसली.

बाया गेल्यावर तिनं रेणुकाला आत घेतलं, बांगड्या वर सारल्या. बांगड्याखाली फिकट चट्टा होता. आम्ही तो बांगड्याच्या घट्ट्याचा समजत होतो. उमाताईनं पेन काढला, म्हणली, डोळे मिट आन् लागल तिथं बोट ठेव. रेणुकानं डोळे मिटले आन् वाट बघत बसली.

"लाव की ताई," ती म्हणली.

उमाताई कवाची लावून राहिली होती. पेनाचं टोक चट्ट्यावर टेकलेलं मला दिसत होतं.

लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरणी होती, पर सबुरीनं बोलली. कुष्ठरोग हाय, म्हणली. गोळ्या फुकट हायत, पुरा बरा होतो, गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याला लागायची भीती बी न्हाई. पर हाताची शीर मरून राहिलीय. करंगळी आन् तिच्याजवळचं बोट वाकायला लागलंय, ते तिनं आमच्या डोळ्यापुढं दावलं. आम्ही रोज त्या हातची भाकर खात होतो आन् कुणाला ते दिसलं नव्हतं. इस्तवाला हात लावायचा न्हाई, आजच गोळी घ्यायची. गोळ्यांनी काही महिने कातडी काळवंडल, मागनं जाईल.

काळवंडल म्हणल्यावर रेणुका उठली. आत्ता न्हाई, म्हणली. वैशाखात लगीन झालं की त्याच दिशी सुरू करते. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, बोटं वैशाखापातूर थांबायची न्हाईत. हरिओमनं हात जोडले. रेणुका गोळ्या न घेताच बाहेर आली.

एसटीत ती खिडकीला बसली, हात पदरात. औसा गेल्यावर बोलली.

"आजी, तुमच्या गोष्टीवर सृष्टीचं लगीन जुळलंय. आता लगीन होईपातूर तीच गोष्ट चालू द्या."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी गोष्ट सांग म्हणलं आन् मला सांगू वाटली न्हाई.

त्यानंतर उमाताई रोज दारात यायची. गोळ्याचं पाकीट तिच्या पिशवीत असायचं. रेणुका तिला चहा द्यायची, बोलायची, आन् पाकीट तसंच परत जायचं. सृष्टीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं एकदा इचारलं बी, ताईला झालंय काय? रेणुका म्हणली, अंगात रगत कमी हाय.

सुपारीच्या दिशी इस्लापूरहून जीप भरून माणसं आली. गंगम्मा, तिच्या दोन जावा, नवरदेवाचा बाप, मामा. बैठकीत गडी माणसं बसली, बाया सैपाकघरात. आधी देवाला ऊद, मग सुपारी. धुपाटणं रिकामं घेऊन मी उभी होते. गंगम्मानं तिच्या जावांना रेटून चुलीपुढं बसवलं आन् रेणुकाला म्हणली, चल, दाव यांना. माझ्यावर इस्वास न्हाई यांचा.

मी मधी पडले. म्हणलं, ईहीणबाई, आता ते बंद हाय. काल सपनात अग्नीदेव आला आन् माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. म्हणला, आज्जे, तुझी नातसून मला रोज उचलती, माझी कंबर मोडली, वरीसभर तरी सुट्टी दे. मी कबूल झाले. देवाला दिलेला शब्द हाय.

बाया हसून हसून लोळल्या. गंगम्मानं पदरानं डोळे पुसले. पर माझ्या गोष्टीचं हेच वाईट, ती ऐकून माणसाची हौस वाढती. एक डाव, फक्त एकच डाव, असं ती लाडानं म्हणली आन् जावा बी म्हणायला लागल्या.

रेणुकानं माझ्याकडं बघितलं न्हाई. तिनं पदर खोचला, चुलीपुढं उकिडवी बसली आन् हात घातला. वाकड्या बोटानं इस्तू नीट धरता येईना. तो निसटला, तिनं पुन्हा धरला. बोटाखालून धूर आला. तिचं तोंड हसरंच होतं. तिला कळतच नव्हतं.

मी तिचं मनगट धरून मागं वढलं. हात नाकापाशी आला तवा जळल्याचा वास आला, साऱ्यांनाच आला.

"सोडा, आजी," रेणुका म्हणली.

मी सोडलं न्हाई. गोष्ट बी सुचली न्हाई. मी तिला म्हणलं, बाई, ही बोटं आता जातील.

मग रेणुकानं हात सोडवून घेतला आन् गंगम्मापुढं धरला, तळवा वर करून.

"मावशी, माझा हात सिद्ध न्हाई. ह्यात जीवच न्हाई, म्हणून भाजत न्हाई. कुष्ठरोग हाय मला. सृष्टीला काही न्हाई, तिला तपासून घ्या. आन् तिला ह्यातलं काहीच ठाव नव्हतं."

गंगम्माच्या धाकट्या जावेनं लुगडं सावरून घेतलं, रेणुकाचा पाय लागू नये तसं. भिताडाच्या पलीकडं बैठकीत गड्यांचं बोलणं चालूच होतं, उसाच्या भावावर.

सृष्टी दारात उभी होती, सुपारीचा शालू नेसून. किती ऐकलं काय माहीत. ती आत आली, खुंटीवरचा चिमटा काढला, चुलीतला इस्तू त्यानं उचलला आन् माझ्या हातातल्या धुपाटण्यात ठेवला. वर ऊद टाकला.

"आमच्या घरात चिमटा हाय, मावशी," ती म्हणली. मग खाली बसून तिनं बहिणीचा हात थंड पाण्याच्या तपेल्यात धरला आन् तसाच धरून ठेवला.

सुपारी फुटली न्हाई. गंगम्मा बैठकीत जाऊन नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली आन् ती माणसं उठली. पंगतीची ताटं मांडलेली होती. एकादशी हाय म्हणले. एकादशी नव्हती. जीपमधी चढताना गंगम्मानं मागं वळून बघितलं.

रेणुका रडली न्हाई. दुसऱ्या दिशी उमाताई आली तवा ती अंगणातच बसली होती, हाताला पट्टी. उमाताई दार लावून घ्यायला लागली. रेणुका म्हणली, उघडंच राहू द्या. समोरच्या वट्यावर पंचफुला तांदूळ निवडत होती, तिच्या देखत रेणुकानं गोळ्या गिळल्या. सृष्टी तांब्या धरून उभी होती.

आता तिचं तोंड सावळं पडलंय. भाकर फडक्यानं उलथती. सवय न्हाई, म्हणून करपती. हरिओम करपलेली भाकर काही न बोलता खातो. मी बोलते, मला दात न्हाईत.

तीस जानेवारीला शाळेच्या भिताडावर कुष्ठरोगाचं फ्लेक्स लागलं. ग्रामसभेत सरपंचानं शपथ वाचली, कुष्ठरोग झालेल्या माणसाला वेगळं वागवणार न्हाई. सगळ्यांनी मागनं म्हणली. पंचफुलाचा आवाज सगळ्यात मोठा. दिवाळीपासून ती आमच्याकडं इरजण मागायला आलेली न्हाई. रेणुका पुढच्या वळीत बसली होती, तिनं बी शपथ म्हणली.

त्याच दिशी दुपारी फोन वाजला. गंगम्मा होती. आधी हवापाण्याचं बोलली, इस्लापुरात थंडी लई हाय म्हणली. सृष्टी पलीकडं कपडे वाळत घालत होती, तिचे हात थांबले होते.

"थोरलीचा हात कसा हाय?" गंगम्मानं इचारलं.

"भाजलेलं भरून आलं," मी म्हणलं. "करंगळी अजून वाकडी हाय, ती सरळ होईल का न्हाई, डॉक्टरीणबाईला सांगता येत न्हाई. दुसरं बोट जरा सरळ झालंय. गोळी एक बी चुकली न्हाई."

पलीकडं गंगम्मानं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"उमाताईला म्हणावं," ती म्हणली, "माझ्या नवऱ्याला फोन करून सांग. हे लागतं का न्हाई, कसं काय, ते नीट सांग. माझं तो ऐकत न्हाई."

मी म्हणलं, सांगते. फोन ठेवला आन् पायात चप्पल न घालताच उमाताईच्या घराकडं निघाले.