चेंडू लागला तिथे मी नव्हतो

मित्रांनो, मला कान नाही. बेसबॉलच्या फलंदाजाचे मी जुने हेल्मेट. माझ्या पूर्वजांच्या काळी खेळाडू नुसती कापडी टोपी घालून चेंडूसमोर उभे राहत. मग टोपीच्या आत प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. त्यानंतर आम्ही आलो, टणक, पण कानांपाशी उघडे. साच्यातून निघालो तेव्हा मला वाटले, आता या डोक्याला कशाचे भय नाही. देवा, केवढा तो माझा गर्व!

ते डोके लेव्हॉन ट्रॅमेलचे होते. त्याच्या गावच्या चर्चमध्ये त्याचा मेहुणा गाऊन प्रवचन करी. एक ओळ त्याने म्हणायची आणि साऱ्या बाकांनी ती उचलून धरायची. तीच ओळ लेव्हॉन मैदानात उतरताना गुणगुणे, आणि ती माझ्या पोकळीत घुमे. तेवढे सुख मला पुरेसे होते.

लेव्हॉनच्या खेळाच्या चौथ्या वर्षी फर्मान निघाले: नव्या खेळाडूंनी कानावर ढाल असलेलेच हेल्मेट घालायचे. जुन्यांना मात्र सवलत. मित्रांनो, त्या सवलतीनेच घात केला.

आमचे सामान सांभाळणारा म्हातारा व्हर्जिल दर वसंतात कानवाले नवे हेल्मेट लेव्हॉनच्या कपाटात ठेवी.

"घाल की लेका. कान काय परत उगवतो?"

"व्हर्जिलकाका, कान झाकला की चेंडूचा अंदाज येत नाही मला. राहू दे."

नवी पोरे चिडवीत, "आजोबा, संग्रहालयातून फोन होता, टोपी परत मागतायत!"

"सांग त्यांना, आतलं डोकं अजून चालू आहे!"

सारे हसत. मी मनात म्हणे, अरे, याला कुणीतरी बळजबरी करा रे!

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्याचे फटके आटले. एकदा बाद होऊन आला आणि रागाने मला पायरीवर आपटले. मला तडा गेला. मित्रांनो, मी आनंदलो! आता मला फेकतील, नवे येईल. पण माझ्यासारखी हेल्मेटे आता बनत नव्हती. लेव्हॉनने आतून चिकटपट्टी लावली आणि मला पुन्हा डोक्यावर घेतले.

त्या रविवारी त्याच्या बायकोने, ओर्लीनने, मला मांडीवर घेतले. माझ्या उघड्या कडेवरून तिचे बोट फिरत होते.

"सोळा वर्षं झाली, मी सामना बघतच नाही, लेव्हॉन. ही एवढी जागा बघते."

"एवढा हंगाम."

"मागच्या हंगामालाही हेच म्हणालास."

पाचच दिवसांनी, कडक उन्हात, गोलंदाजाच्या घामेजल्या बोटांतून चेंडू निसटला. तो येताना मला दिसला. ओरडायला तोंड नाही, आडवे व्हायला हात नाहीत. देवा, एकदाच मला चार बोटे वाढव, एवढेच मागितले. चेंडू लागला तिथे मी नव्हतोच.

लेव्हॉन वाचला. डावा कान गेला. चर्चमध्ये त्याच्या डावीकडे बसणारी ओर्लीन आता उजवीकडे बसते.

आज मी गावच्या मैदानात कुंपणाच्या खिळ्याला टांगलेला असतो. लेव्हॉन तिथे मुलांना शिकवतो. परवा टॅन्सी नावाच्या पोरीने नवे हेल्मेट काढून ठेवले.

"गरम होतं, कोच! आणि तुम्ही तर ते टांगलेलं, उघडंच घालायचात."

तो गुडघ्यावर बसला. उजवा कान तळहाताने घट्ट झाकला आणि डावा तिच्यापुढे केला.

"यात काहीतरी सांग."

ती कुजबुजली. तो थांबून राहिला.

"सांगितलंस?"

ती पुन्हा बोलली, जरा मोठ्याने. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहतच राहिला. तिने गुपचूप हेल्मेट उचलले आणि पट्टा घट्ट केला.

मित्रांनो, माझ्या तडकलेल्या अंगाने तुमच्या पाया पडतो. माझी कीव आली, तरी मला डोक्यावर घेऊ नका. मला खिळ्यावरच राहू द्या.