फाएकचं गाणं

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातल्या त्या मंगल कार्यालयात नवरीची आई म्हणून मिरवणाऱ्या निहादने भर मांडवात गाणं बंद पाडलं, याची चर्चा नंतर बरेच दिवस चालली.

झालं असं. लेकीची सासू उम्म कैस मोठी हौशी बाई. गाणाऱ्याकडे जाऊन तिने फर्माईश केली, “ते जाईचं गाणं होऊ दे, फाएक दरदारीने गायलेलं.” ती इथलीच, जॉर्डनची. तिला वाटलं, सीरियातल्या होम्सहून आलेल्या या माणसांना आपल्या गावाकडचं गाणं आवडेल.

पहिले सूर निघाले आणि निहाद ताडकन उठली. तिच्या स्वतःच्या लग्नात हेच गाणं वाजलं होतं. पुढे होम्सला सरकारी फौजांचा वेढा पडला, तेव्हा हाच फाएक आत अडकलेल्या लोकांबद्दल टीव्हीवर म्हणाला होता, “त्या उंदरांना बिळातच पुरून टाका.” त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा धाकटा भाऊ मामून सरकारच्या तुरुंगात गेला. तो सुटून आला त्या दिवशी निहादने फाएकच्या सगळ्या कॅसेट कचऱ्यात टाकल्या. भावासमोर त्याचं नावही काढायचं नाही, असा घरात दंडकच होता.

तिने तरातरा जाऊन गाणाऱ्याचा माईक खाली केला. “हे नको. दुसरं काहीही म्हणा.”

“अहो विहीणबाई, गाण्याने काय घोडं मारलंय?” उम्म कैस म्हणाली.

“माझा भाऊ बसलाय तिथे.”

पण मामून तिथे नव्हता. तो बाहेर पायऱ्यांवर सिगारेट ओढत होता. निहाद त्याच्याकडे गेली. आत पाहुण्यांनी गलका केला असावा, कारण तेच गाणं पुन्हा सुरू झालं.

“थांब, मी बघते त्यांच्याकडे,” ती वळली.

“राहू दे गं ताई. नाचू दे पोरांना.” मामूनने जरा कान दिला. “हा दुसऱ्या कडव्यात दोनदा श्वास घेतोय. फाएक एका दमात म्हणतो.”

“तुझ्या लक्षात आहे अजून?”

“लक्षात कशाला राहायला हवं? ऐकतो की. रोज, दुकानात, कानात घालून.”

निहाद बघतच राहिली. “रोज? आणि मी इतकी वर्षं तुझ्यासाठी...”

“मी कुठे सांगितलं होतं तुला?”

“मला बोलायचंस तरी, मामून.”

“काय बोलणार होतो? त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं आणि गाणं ऐकावंसंही वाटतं, हे? मलाच नीट कळत नाही ते.” त्याने सिगारेट विझवली. “तुरुंगात होतो ना, तेव्हा भिंतीपलीकडचा एक जण हे गुणगुणायचा. त्याला ठाऊकच नव्हतं फाएक काय बोलला ते. मला होतं. पण मी त्याला थांबवलं नाही.”

निहादला आधी राग आला, मग रडू, आणि दोन्ही तिने लग्नाच्या जागरणावर ढकललं. ती पायऱ्यांवर त्याच्याशेजारी बसली आणि गाणं संपेपर्यंत उठली नाही. गाणं तेच होतं, गोडही तितकंच होतं. पण “उंदीर” हा शब्द तिला सुरांच्या मधूनमधून ऐकू येत राहिला. त्या वेढ्यात तीही होती. घरात खायला काही उरलं नव्हतं, तेव्हा आज नवरी झालेल्या या पोरीला, ती चिमणी असताना, तिने गवत उकळून त्याचं पाणी पाजलं होतं, हे मामूनला कुठे माहीत होतं?

दोघं आत गेली, मामूनने गाणं चालेल असं सांगितलं, तेव्हा उम्म कैस ओशाळून निहादला म्हणाली, “माझं चुकलं हो. पण भाऊ तर म्हणताहेत, चालेल. मग आता सगळ्यांनी मिळून एकदा म्हणायचं का?”

“त्याला चालत असेल,” निहाद म्हणाली. “मला नाही चालत.”

तिने हे पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर म्हटलं. उम्म कैसने मान डोलावली, गाणाऱ्याला दुसरं काही सांगितलं, आणि विहिणीचा हात धरून तिला नाचायला ओढलं. निहाद नाचली. मामून दाराशी उभा राहून टाळ्या वाजवत होता.