आठवा आकडा

चिक्कडपल्लीच्या गल्लीत भामाबाईंचं शिलाई मशीन चार दिवस एकाच कामाला जुंपलेलं होतं. लेकीचा आकडा. गणिताच्या शिबिराला अख्ख्या शहरातून एकच मूल जाणार होतं, आणि तेजश्रीनं आबिड्सच्या सभागृहात प्रोफेसरांपुढे मांडायला निवडली होती सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस ही संख्या.

"असं काय आहे गं हिच्यात?"

"मूळ संख्या आहे, आई. एवढी माणसं जेवायला आली तर एका ओळीत बसव, नाहीतर एकेकाला वेगळं. सारख्या पंगती लागायच्याच नाहीत."

"सात कोटी माणसं? आणि वाढायला मी एकटी!"

जुन्या इरकली लुगड्यांतून त्यांनी आकडे कापले. पहिला सात तर असा ऐसपैस, जसा मांडवाच्या दारातला यजमान. एका लांब पट्टीवर शिवत गेल्या, गुंडाळत गेल्या, ओठांवर ओवी. पट्टी संपली तसं काम संपलं.

सभागृहात पट्टी उलगडली आणि भामाबाईंच्या पिशवीत हाताला लागला हिरवा तीन.

भिंतीवर होतं ७३९३९१३. सातच आकडे. आठव्याची जागा त्या थोरल्या सातानं खाल्ली होती. ऐन वेळी लेकीचं हसं आपल्याच हातानं!

"बेटा, आखरी का तीन कहाँ गया?" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी विचारलं. हॉलभर खसखस पिकली.

तेजश्रीनं पट्टीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाली. मग एकदम हसली.

"नहीं है तो भी प्राइमच है, सर! आई, वर ये. शेवटून एकेक घडी घाल."

भामाबाई चढल्या. पहिली घडी, तीन झाकला. "प्राइम!" दुसरी, एक झाकला. "प्राइम!" तिसऱ्या घडीपासून पोरंही ओरडू लागली, जात्यावर बायांनी पालुपद उचलावं तशी. सरतेशेवटी उरला एकटा सात, ऐसपैस.

"प्राइम!" सभागृह गरजलं.

"मग तुझ्या आठव्याची गरजच काय?" प्रोफेसरांनी हिंदीतून टोकलं.

"तो लागला की हीच सगळ्यांत मोठी, सर. शेवटून सोलत जावं आणि प्रत्येक वेळी प्राइमच उरावी, अशी हिच्याहून मोठी संख्या नाही. पुढे शून्यापासून नवापर्यंत कुठलाही अंक जोडा, मोडते."

पुढे काहीच लागत नाही! भामाबाईंनी पट्टी सरसर उलगडली आणि टोकाशी हिरवा तीन तळहातानं दाबून धरला. आता संख्या पुरी होती.

संध्याकाळी तेजश्रीचं नाव पुकारलं गेलं. फोटोसाठी सगळे पट्टीपुढे जमले. कुणीतरी धावत चिकटपट्टी आणली.

"अम्मा, हात दुखेल तुमचा, ही लावा."

"राहू दे," भामाबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या. "हा मी धरते."