एक भाकरी, एक पेला

धुरपदाबाईचा मला मत्सर वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं शिस्तीच्या नावावर खपवायचा मोह होईल, आणि तसं मी एकदा खपवलेलं आहे.

मी कुंदाबाई. जळगावच्या आमच्या चर्चची बावीस वर्षं सेक्रेटरी. शाळेतून निवृत्त झाले, चर्चमधून नाही. सभासदांचा पट माझ्याकडे, चाव्या माझ्याकडे, प्रभुभोजनाचा चांदीचा पेलाही माझ्याच कपाटात. रविवारच्या भक्तीला बाकं चाळीस आणि माणसं तीस. त्यातली सहा चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळातली, म्हणजे भक्ती संपल्यावर भांडायला थांबणारी. कधी कंपाउंडच्या भिंतीवरून भांडण, कधी धुळ्याच्या मुख्य कचेरीतून आलेल्या पत्रावरून, आणि दुसरं काही नसेल तर अध्यक्षाच्या खुर्चीवरून. योगराज पाळकसाहेब जळगाव, धुळे, भडगाव असे तीन ठिकाणी धावायचे. बिचारे घड्याळाकडे बघत आशीर्वाद द्यायचे.

धुरपदाबाई आमच्याच पटावरची. डाळमिलमध्ये डाळ निवडते, सहीच्या जागी अंगठा लावते. पिंप्राळ्याच्या टोकाला तिचं पत्र्याचं घर आहे. दर गुरुवारी संध्याकाळी मिल सुटली की त्या घरात तीस-चाळीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची. कोणीतरी बायबल वाचायचं. ही ऐकायची आणि मध्येच थांबवून विचारायची, की यात आपला शेजारचा वना कुठे बसतो, त्याची बायको माहेरी गेली आहे, तर आता आपण काय करायचं? मग वाचन राहायचं बाजूला आणि दोघं-तिघं वनाच्या सासुरवाडीला जायला निघायची. याला काय प्रार्थनासभा म्हणतात? आमच्या पटावरची नऊ माणसं तिथे असायची. रविवारी ज्यांचे गुडघे दुखतात, तीच.

नऊ गेली तर गेली, मी सोसलं असतं. दहावी माझी माय होती.

माय चौऱ्याऐंशी वर्षांची. आम्ही दोघीच घरात. मी तिचं सगळं वेळच्या वेळी करायचे. आठला गोळी, साडेबाराला जेवण, चारला चहा. तरी ही गुरुवार आला की सकाळपासून रिक्षाचा घोशा लावायची. तिकडून परत आली की तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते माझ्या घरात कधी नसायचं. पुढे तिचं पाय टाकणंच बंद झालं, तेव्हा वाटलं सुटले. तर धुरपदाबाई एक दिवसाआड मिलवरून परस्पर आमच्याकडे यायला लागली. मायचे पाय चोळायची, केस विंचरायची, दोघी काहीतरी गुणगुणत बसायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. माझ्या मायला इतकी गाणी येतात, हे मला साठाव्या वर्षी कळलं. अंगाची नुसती लाही व्हायची.

माय चालत होती तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. एका गुरुवारी तिला न्यायला गेले आणि दारातच थबकले. आत प्रार्थना नुकतीच संपली होती. धुरपदाबाईने कळण्याची, ज्वारी-उडदाची, मोठी भाकरी हातात घेतली, मोडली, आणि एकेकाला तुकडा देत गेली. मागून एक पेला फिरत होता. आत काहीतरी तांबूस होतं. प्रत्येक जण घोट घेऊन पुढे देत होता, आणि कोणी बोलत नव्हतं. माझ्या मायने दोन्ही हातांनी पेला धरला.

आता आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीसाठी मोडलेली भाकरी आणि द्राक्षरसाचा पेला, द्यायचं ते दीक्षा झालेल्या पाळकाने. दुसऱ्या कोणी दिलं तर नाव पटावरून जातं. बावीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या बाईला याहून जास्त पुरावा लागत नाही. एक भाकरी, एक पेला. तेव्हा मी तोंड मिटून मायला घेऊन आले. पण ती गाणी ऐकून ऐकून जीव नकोसा झाला, तेव्हा तोच पुरावा मी कपाटातून काढावा तसा काढला आणि पंचमंडळाकडे अर्ज केला.

अध्यक्ष लोटननाना. भिंतीच्या विषयाला त्यांनी तीन बैठका घेतल्या होत्या, याला अकरा मिनिटं पुरली. धुरपदाबाईला बोलावून विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही, आणि माझ्या मनात आलं ते मी बोलले नाही. पटावर तिच्या नावावरून मी लाल शाईची रेघ ओढली. तिला पाठवायच्या पत्रात कारण म्हणून 'नियमभंग' एवढंच लिहिलं, आणि सभासदांच्या घरी जाऊन प्रार्थना घेऊ नये, असंही घातलं. हे वाक्य माझं स्वतःचं. त्या रात्री मला झोप छान लागली.

एक गोष्ट मी विसरले. धुरपदाबाईला वाचता येत नाही.

ती ते पत्र घेऊन आली आमच्याच घरी. बायबल वाचणारे गुरुवारी येत, पण असं पत्र चष्मा लावून शांतपणे वाचून दाखवेल असं माणूस तिच्या ओळखीत एकच, माझी माय. मी बाजारातून आले तर दारात तिच्या चपला होत्या, आणि आतून मायचा आवाज येत होता. मिशनच्या शाळेत शिकलेली बाई, एकेक शब्द सुटा वाचत होती. हातातली पिशवी तशीच धरून मी उभी राहिले. पत्र संपलं. खाली सेक्रेटरीची सही होती. मायने सहीसुद्धा वाचली.

धुरपदाबाईने कागदाची घडी घातली, मायच्या अंगावरची चादर सारखी केली आणि माझ्या बाजूने बाहेर पडताना फक्त "येस, अक्का", येते, एवढंच म्हणाली. जाताना आपल्याकडे जसं म्हणतात तसंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मायने माझ्या हातचं खाणं सोडलं. रागावली नाही, बोलली नाही. चमचा जवळ नेला की ओठ मिटायची. पाणी तेवढं घ्यायची. वरणभात केला, शिरा केला, शेजारच्या दीपमालेकडून खीर आणली. दोन दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात अजून एक-दोन दिवस असेच गेले तर दवाखान्यात न्यावं लागेल, आणि तिथून परत येतील याची खात्री मी देत नाही. मी पाळकसाहेबांना फोन केला. ते धुळ्याला मोठ्या बैठकीत होते. रविवारी येतो म्हणाले. लोटननानांनी विचारलं, भिंतीच्या ठरावाची प्रत तयार आहे का.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, संध्याकाळी माय पहिल्यांदा बोलली.

"धुरपदाले बलाव. मंग खासू."

माझी माय, माझं घर, माझं रांधणं, आणि घास त्या बाईच्या हातचा. मी पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन रडले. दुःखाने रडले म्हणावं तर खोटं होईल. मग तोंड धुतलं आणि रिक्षा केली.

धुरपदाबाई नुकतीच मिलवरून आली होती. केसांवर डाळीचा भुसा तसाच होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, मायने बोलावलंय, चल. आणि माझी खोड बघा, तिच्या दारात याचक म्हणून उभी असताना वर अट घातली, की घरी येऊन प्रभुभोजन मात्र द्यायचं नाही.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"कोनतं प्रभुभोजन, अक्का? लोके मिलमाईन भुक्याच येतस. म्हनीसन भाकर करस मी."

मी पेल्याचं विचारलं. तो कोरा चहा होता.

"घरमा दोनच पेला शेत. त्यामातला एक गळका शे."

एवढंच. भुकेली माणसं भाकरी वाटून खात होती. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ते कळलं असतं. मलाच तेवढं कळलं नाही.

घरी आल्यावर तिने माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापली आणि चुलीवरच्यासारखी फुगवली माझ्या गॅसवर. मी बाजूला कोरा चहा उकळत ठेवला. भाकरी ताटलीत घेऊन ती मायच्या खाटेपाशी आली, बसली, आणि ताटली माझ्यापुढे धरली.

"मी नही, अक्का. माय तुमनी शे. तुमीच द्या."

माय ओठ मिटेल, या बाईच्या डोळ्यांदेखत मिटेल, ही एकच भीती होती. मी तुकडा मोडला. मायने हात जोडले, आणि प्रभुभोजनाआधी पाळक जे शब्द म्हणतात, सत्तर वर्षं ऐकलेले, ते हळूहळू पूर्ण म्हटले. मग तोंड उघडलं.

ती चावत होती तोवर मी दुसरा तुकडा हातात धरून बसले. तिने तो माझ्या हातून घेतला, माझ्या तोंडात घातला आणि तिसरा धुरपदाबाईला द्यायची खूण केली. तोही मीच दिला. चहाचा पेला तिघींमध्ये फिरला. कपाटातला चांदीचा पेला मी बावीस वर्षं घासलाय, पण असा घोट त्यातून कधी घेतला नव्हता.

रविवारी भक्तीनंतर पंचमंडळ बसलं. मी उभी राहिले आणि सांगितलं, धुरपदाबाईने प्रभुभोजन कधीच दिलं नाही, माझा अर्ज खोटा होता, आणि तो मी मत्सराने केला होता. तिचं नाव परत घ्या. हळूहळू माना डोलल्या, विषय मिटल्यासारखं सगळ्यांना वाटलं. तेव्हा मी पुढचं सांगितलं. आमच्या घरी बुधवारी प्रभुभोजन झालं. दीक्षा नसलेल्या माणसाने दिलं. ते मी दिलं. नियमाप्रमाणे माझं नाव काढा.

मग लोटननाना कळवळून म्हणाले, "कुंदाताई, तुमचं नाव काढलं, तर काढल्याची नोंद कोण करणार?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच तो प्रश्न पडला होता.

मी पट उघडला. आधी धुरपदाबाईचं नाव खाली नव्याने लिहिलं. मग माझ्या नावावर लाल रेघ ओढली, शेऱ्याच्या रकान्यात 'एक भाकरी, एक पेला' लिहिलं आणि चाव्या टेबलावर ठेवल्या.

मत्सर गेला का? गुरुवारी घरातले सहा नवे पेले पिशवीत घालून मी पिंप्राळ्याला गेले. भाकरी तिची असेल, पेले तरी माझे असावेत. धुरपदाबाईने ते बघून फार कौतुक केलं, पुसून फळीवर मांडले, आणि चहा त्या जुन्याच पेल्यात ओतून पहिला माझ्या हातात दिला.