मागच्या पॉइंटला अर्थ नाही

नवी विजेची गाडी दारात येऊन नऊ दिवस झाले होते आणि या नऊ दिवसांत चुळबुळ्यांचं बूड एका जागी टेकलं असेल तर शपथ. चुळबुळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासताना ते दर दहा मिनिटांनी उठून खिडकीशी जात, म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव पाडलं. ते घरापर्यंत आलं आणि चिकटलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी थोरली बहीण, म्हणजे आक्का, त्यांना 'चुळबुळ्या' अशीच हाक मारायची. भावजय गेली तेव्हा आक्का चार दिवस म्हणून आली होती, ती राहिलीच.

गाडी घेतली होती लेकीसाठी. चालवायची यांनीच, पण लेकीपर्यंत पोचायला. लेक एकशे साठ किलोमीटरवर राहायची. पहिलीच खेप, जावई जहाजावर, आणखी दोन महिने तरी तो परतायचा नव्हता, आणि डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता. "कळा सुरू झाल्या की फोन कर, अडीच तासांत मी तुझ्याजवळ," असं चुळबुळ्यांनी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यावर ती नुसती "हं" म्हणाली होती. तो 'हं' त्यांना रात्रंदिवस टोचत होता.

टोचायला कारणही तसंच होतं. सात वर्षांपूर्वी, बायकोच्या शेवटच्या दिवशी, बापलेक तिच्या खाटेच्या दोन बाजूंना बसले होते. चुळबुळ्यांना ते बसणं सोसवेना. गाडी आडवी लागलीय, नीट लावून येतो, असं म्हणून ते खाली उतरले. गाडी नीट लावली, मग उगाच फाटकापर्यंत एक फेरी मारून आले. वर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. लेकीने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना अजूनही वाटे. या खेपेला तिच्याजवळ असायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी घट्ट धरली होती.

पण जायचं तर गाडी भरलेली हवी, आणि ती भरायची कशी याचाच सगळा घोळ होता. शोरूमच्या विक्रेत्याने गोड हसत सांगितलं होतं की गाडीबरोबर मिळालेली वायर घरच्याच जाड तीन पिनांच्या सॉकेटला लावा, संध्याकाळी लावली की सकाळी गाडी तयार. नाहीतर भिंतीवर चार्जरची पेटी बसवून घ्या, चार-पाच तासांत काम फत्ते. फक्त तिच्यासाठी मीटरपासून वेगळी वायर ओढावी लागते आणि वीज कंपनीकडे लोड वाढवायचा अर्ज करावा लागतो. आणि अगदीच अडलं तर बाहेरचे जलद चार्जर आहेतच. चुळबुळ्यांनी पेटीसाठी अर्ज ठोकला. बसवणारा माणूस मिळाला तो बावीस तारखेचा. लेकीची तारीख होती तीस. मध्ये आठ दिवस होते, पण बाळं कॅलेंडर बघून येत नाहीत, हे आक्काने त्यांना इतक्यांदा ऐकवलं की त्यांचा धीर सुटला.

मग त्यांना मागच्या शेडमधला पॉइंट आठवला. कधीकाळी वॉशिंग मशीनसाठी काढलेला होता. वायरच्या टप्प्यात येणारा घरातला तेवढा एकच. त्यांनी नेहमीच्या वायरमनला फोन केला, तो पॉइंट तपासून दे, पेटी येईपर्यंत त्यावर भागवू. वायरमन गुरुवारी दहाला येतो म्हणाला. साडेदहापर्यंत चुळबुळ्यांनी कशीबशी कळ काढली, मग तो येतोय का ते बघायला स्वतःच कोपऱ्यापर्यंत गेले. वायरमन दुसऱ्या रस्त्याने आला. सॉकेटमध्ये टेस्टर घालून बघितला, आक्काला म्हणाला, "अर्थ नाही हो मावशी याला." आक्काला ते मनापासून पटलं. या वयात ही नवी गाडी, ही धावाधाव, हे अर्ज, कशालाच अर्थ नाही, असं तिचं पहिल्यापासून मत होतं. तिने मान डोलावली, वायरमनने चिठ्ठी लिहून ठेवली आणि तो गेला.

'मागच्या पॉइंटला अर्थ नाही. गाडी लावू नये. बुधवारी येतो.'

चुळबुळ्यांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचं डोकंच फिरलं. याचं मत कुणी विचारलं होतं? पॉइंट तपास म्हटलं तर हा आम्हाला जगण्याचं सार सांगायला लागला. पेटीच बसवा, असं सुचवायचं असेल, दुसरं काय. शुद्धलेखन मात्र चोख आहे हो, एवढं त्यांनी मान्य केलं, चिठ्ठी घडी करून गाडीच्या माहितीपुस्तिकेत खोचली आणि तिरीमिरीत जाऊन त्याच पॉइंटला वायर लावली.

वायरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकू लागला. गाडी ढिम्म. त्यांनी वायर काढली, पुसली, पुन्हा लावली. असं अकरा वेळा झालं. शोरूमला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली की दिव्यांचा खुलासा पुस्तिकेत दिलाय, सर. आता पुस्तिका तर त्यांनी पहिल्याच दिवशी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, हातात लाल पेन घेऊन. एकेचाळीस चुका काढून कंपनीला यादी पाठवली होती. आत काय लिहिलंय, हे मात्र त्यांना विचारू नये. छापखान्यातल्या जुन्या फोरमनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की प्रूफ वाचताना अर्थात शिरायचं नाही, शिरलास की अक्षरं निसटलीच म्हणून समज. एकतीस वर्षं त्यांनी ते पाळलं. मधमाश्या पाळण्यावरचं आख्खं पुस्तक त्यांनी तपासलं होतं आणि मधमाशीला पाय किती ते त्यांना सांगता आलं नसतं. तेव्हा वायरच खराब निघाली, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. शोरूमने सोमवारी बदलून देतो म्हटलं.

शुक्रवारी ते गावातल्या एकुलत्या जलद चार्जरवर गेले. पुढे तीन गाड्या होत्या. वीस मिनिटं थांबले, गाडीभोवती फेऱ्या मारल्या, घड्याळ पाहिलं, आणि उद्या सकाळी लवकर येऊ म्हणून परतले. गाडीत चौतीस टक्के उरले होते.

शनिवारी सकाळी साडेनऊला लेकीचा फोन आला. शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात आणलं होतं. सुरू झालं होतं.

चुळबुळे कसे निघाले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आक्काने हातात पिशवी कोंबली, गुडघ्यांमुळे तिला तेवढा प्रवास झेपला नसता, आणि फाटकातून ओरडून सांगितलं की दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. त्या तशाच राहिल्या. रस्त्यावर त्यांची एक नजर पुढे आणि एक त्या आकड्यावर. एकोणतीस, चोवीस, एकोणीस. एवढ्या चार्जवर लेकीच्या गावापर्यंत पोचणं अशक्य होतं, हे साधं गणित त्यांना येत होतं. आपण पुन्हा तेच केलं, फक्त या खेपेला आधीच, काल रांगेतून निघालो तेव्हाच केलं, असं त्यांना वाटत राहिलं. सत्तर किलोमीटरवर महामार्गालगत एक जलद चार्जर लागला तेव्हा आकडा दहावर होता. नशिबाने पुढे कुणी नव्हतं. वायर लावली. पडद्यावर उमटलं, चाळीस मिनिटं.

चाळीस मिनिटं. चुळबुळ्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि लेकीला सांगायला फोन काढला, तर फोनही मरायला टेकलेला. गाडीत फोनसाठी वायर होती, ती वीतभर. ती लावायची तर आत बसूनच बोलावं लागणार होतं. ते बसले.

थोडा उशीर होईल, असं त्यांनी एका दमात सांगितलं आणि सवयीने म्हणाले, "बरं, ठेवतो."

"बाबा, फोन ठेवू नकोस," लेक म्हणाली. "कळ आली की मी गप्प होईन. तू बोलत राहा. काहीही बोल."

काहीही म्हणजे काय बोलायचं, हा चुळबुळ्यांपुढे प्रश्नच होता. लेकीशी ते दोन मिनिटांवर कधी बोललेच नव्हते. उठावंसं वाटत होतं, पण वायर वीतभर. मग त्यांनी आक्काच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली, चपलांवर आले, शोरूमच्या विक्रेत्याची नक्कल केली. मध्येच पलीकडून नुसता श्वास ऐकू येई, तरी ते बोलत राहत. बोलता बोलता वायरमनवर गाडी आली आणि त्यांचा आवाज चढला. पॉइंट तपासायला बोलावलं तर हा शहाणा चिठ्ठी लिहून गेला, म्हणे मागच्या पॉइंटला अर्थ नाही.

पलीकडे शांतता पसरली. कळ आली असेल असं समजून ते बोलतच राहिले. मग हसण्याचा आवाज आला.

"बाबा, अर्थिंग. त्या पॉइंटला अर्थिंग नाहीये. वीज कुठे गळली तर जमिनीत उतरायला वाट लागते ना, ती नाहीये तिथे. गाडीने चार्ज घेतला नाही म्हणून वाचलास, नाहीतर हात लावल्यावर झटका बसला असता. पुस्तकात लिहिलेलं नव्हतं?"

चुळबुळ्यांनी पुढच्या कप्प्यातून पुस्तिका काढली. पान तेवीस. ते त्यांनी तिला वाचून दाखवलं. "लाल दिवा लुकलुकत राहिल्यास सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे. अशा सॉकेटवर गाडी लावू नये." छापलं होतं 'आर्थिंग'. त्यातला काना त्यांनीच स्वतःच्या हाताने लाल पेनाने उडवला होता. समासात सहीसुद्धा होती. हे सांगितल्यावर लेक इतकी हसली की पुढची कळ हसण्यातच सुरू झाली, आणि ती ओसरेपर्यंत बाप फोनमध्ये तेविसावं पान सावकाश, शब्द न् शब्द वाचत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच ते नुसतं वाचत होते.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. आता त्यात हसू नव्हतं.

"बाबा, येशील ना?"

"येतोय ना. निम्मी भरली गाडी."

"तसं नाही. आलास की बसशील ना?"

सात वर्षं जे बोललं गेलं नव्हतं, ते एवढंच होतं. काचेबाहेर एक माणूस आपली गाडी पुसत होता, त्याच्याकडे चुळबुळे बघत राहिले.

"बसेन," ते म्हणाले.

निघण्यापूर्वी त्यांनी घडी केलेली चिठ्ठी उलगडली. 'अर्थ'च्या पुढे काकपद काढलं, अक्षर राहून गेल्याची ती छोटी खूण, आणि वर लाल शाईत 'िंग' लिहिलं. वायरमनची माफी मागायला हवी होती. ते बुधवारी.

दवाखान्यात पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. जागा दिसली तिथे गाडी सोडून ते जिने चढले. लेक एका खोलीत खाटेवर होती, चेहरा घामाने डबडबलेला. नर्स म्हणाली, अजून तासभर तरी आहे. खाटेजवळ लोखंडी स्टूल होतं. चुळबुळे त्यावर बसले आणि तिचा हात हातात घेतला. त्यांचा उजवा गुडघा सवयीने नाचायला लागला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. पाच मिनिटं झाली होती.

तेवढ्यात दारात वॉचमन उभा राहिला. पांढरी इलेक्ट्रिक गाडी कुणाची, असं त्याने विचारलं. आडवी लागलीय, रुग्णवाहिकेची वाट अडलीय, खाली येऊन नीट लावा.

लेकीने डोळे उघडले. ती बापाकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती. तिने आपली बोटं सैल केली, त्यांना हात सोडवून घेता यावा म्हणून.

चुळबुळ्यांनी हात सोडवला नाही. दुसऱ्या हाताने खिसा चाचपून त्यांनी किल्ली काढली. गेले नऊ दिवस त्यांनी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता, आक्कालाही नाही.

"गाडी चालवता येते ना तुम्हाला?"

"येते, काका. पण मी..."

"मग तुम्हीच लावा. चालू झाली तरी आवाज येत नाही तिचा, तेवढं सांभाळा. मला इथे बसायचंय."

वॉचमन किल्ली घेऊन गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला आणि थांबला. लेकीची बोटं पुन्हा मिटली. पुढची कळ आली तेव्हा तिने त्यांचा हात इतका आवळला की लाल पेन धरून धरून घट्टे पडलेली त्यांची बोटं पांढरीफटक झाली. गुडघा आता नाचत नव्हता. चुळबुळे बसून होते.